घरी आणखी कोण आहे?

पाऊस स्थिरावला, शाळा सुरू होऊन महिना उलटला, की माझ्या दवाखान्यातील बाकावर एक ठरलेले दृश्य दिसू लागते. आजी किंवा आजोबा बसलेले असतात, त्यांच्या मांडीवर डोके टेकून एक मूल आडवे झालेले असते आणि दप्तराचा पट्टा अजून त्याच्या खांद्यावरच असतो. शाळेतून फोन आलेला असतो, आईवडील कामावर असतात, म्हणून आजोबाच रिक्षा करून नातवाला परस्पर दवाखान्यात घेऊन आलेले असतात.

काही वर्षांपूर्वी, भाद्रपदातल्या अशाच एका संध्याकाळी, दुसरीत शिकणारा एक मुलगा आपल्या आजोबांचे बोट धरून माझ्याकडे आला. ताप एकशे दोन, डोळे लाल, घसा लालसर, छाती स्वच्छ. मी औषध लिहून दिले आणि म्हणाले, "व्हायरल आहे. तीन-चार दिवसांत उतरेल. काळजीचे काही नाही." आजोबा हसून म्हणाले, "मला काळजी नाही, बाई. रात्री माझ्याच कुशीत झोपतो तो. मी आहे लक्ष ठेवायला." मीही हसले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

त्या आजोबांचे वय बहात्तर होते. त्यांना जुना दमा होता, मधुमेह होता, आणि हे सारे मला ठाऊक होते, कारण ते माझेच रुग्ण होते. त्यांनी जे सांगितले ते मी ऐकले, पण त्याचा विचार केला नाही.

चौथ्या दिवशी मुलगा खेळू लागला. सहाव्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. "मॅडम, बाबांना ताप नाही, पण कालपासून काहीतरी वेगळेच बोलतात. जेवले नाहीत. आज बाथरूममध्ये तोल गेला." मी घरी गेले तेव्हा त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन ८६ टक्के होता. फ्लूची तपासणी सकारात्मक आली, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होता. अकरा दिवस ते रुग्णालयात होते. ते परत आले, ही देवाची कृपा आणि तेथील परिचारिकांचे कष्ट. परंतु पूर्वी नातवाला शाळेपर्यंत चालत सोडणारे ते गृहस्थ नंतर फाटकापर्यंतच जात.

त्या मुलाने एकदा मला हळूच विचारले, "आजोबांना माझ्यामुळे झालं ना?" मी म्हणाले, "नाही रे. ते विषाणूमुळे झालं. आणि थोडं माझ्यामुळे, कारण मी तुला तपासलं, पण घरात आणखी कोण आहे हे विचारायला विसरले."

तेव्हापासून तापाचे मूल समोर आले, की केसपेपरवर वजन आणि ताप यांच्याखाली मी तिसरा प्रश्न लिहिते: घरी आणखी कोण आहे? आजचा हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. आपल्यापैकी अनेकजण नातवंडांना सांभाळणारे आहेत, आणि त्याच वेळी फ्लूचा सर्वाधिक धोका असणारेही आपणच आहात.

फ्लू म्हणजे नेमके काय

आपल्या बोलण्यात नाक वाहू लागले की त्याला 'फ्लू' म्हणण्याची पद्धत पडली आहे. वैद्यकीय अर्थाने फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा या विषाणूचा आजार. साधी सर्दी पावलापावलाने येते, घसा खवखवतो, शिंका येतात, अंग किंचित कसकसते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. फ्लू अवचित येतो. सकाळी ठणठणीत असलेले मूल दुपारी एकशे तीन तापाने फणफणते, अंग मोडून येते, डोके दुखते, कोरडा खोकला सुरू होतो. लहान मुलांमध्ये उलट्या-जुलाबही दिसतात.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. १९१८ साली जूनमध्ये तो मुंबईच्या बंदरातून शहरात शिरला आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले. महाराष्ट्रात त्याला 'मानमोडी' म्हणत. आपल्यापैकी काहींनी तो शब्द आपल्या आजीच्या तोंडून ऐकलाही असेल. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने झालेला देशातील पहिला मृत्यू नोंदला गेला, शाळा बंद झाल्या, आणि मुखपट्टी बांधलेले चेहरे आपण तेव्हा प्रथमच रस्त्यावर पाहिले. आजही 'स्वाइन फ्लू' हा शब्द ऐकताच रुग्णांचा चेहरा उतरतो. म्हणून सांगते, २००९ मधला तो एच१एन१ विषाणू आता दरवर्षी येणाऱ्या हंगामी फ्लूचाच एक प्रकार होऊन राहिला आहे. त्याच्याबरोबर एच३एन२ आणि 'बी' गटाचा विषाणू हेही फिरत असतात. २०२३ च्या आरंभी ज्या खोकल्याने घरोघरी दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकला होता, त्यामागे बहुतांशी एच३एन२ होता. नाव कोणतेही असो, घरी घ्यायची काळजी तीच.

महाराष्ट्रात फ्लूचे दोन हंगाम येतात. मोठा हंगाम पावसाळ्याचा, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा थंडी सरतानाचा, जानेवारी ते मार्च. पावसात भिजल्याने फ्लू होत नाही, तो विषाणूमुळेच होतो. मात्र पावसाळ्यात आपण दारे-खिडक्या लावून घेतो, ओल्या कपड्यांच्या दोऱ्या घरात येतात, शाळेच्या बसच्या काचा बंद राहतात, आणि एकाचा श्वास दुसऱ्याच्या वाट्याला अधिक येतो. त्यातच श्रावणापासून सणांची गर्दी सुरू होते.

तो घरात कसा फिरतो

विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात. परंतु रुग्ण ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना आजार देऊ लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुले त्याहून अधिक दिवस विषाणू बाहेर टाकतात. म्हणूनच घरात फ्लू आणणारे बहुधा मूलच असते. त्यात त्याचा दोष काही नाही. एका बाकावर तिघे बसतात, एकाच बाटलीचे पाणी पितात, खोकताना तोंडावर हात धरतात आणि त्याच हाताने डबा उघडतात.

मूल आजारी पडल्यावर वृद्धांना दूर ठेवा, असे सांगणे सोपे आहे. पण ज्या घरी आईवडील दोघेही नोकरी करतात आणि मूल आजीनेच वाढवलेले असते, तिथे हा सल्ला कागदावरच राहतो. तापातले मूल आजीचीच कूस मागते. 'जवळ येऊ नकोस' असे आजी त्याला म्हणणार नाही, आणि तिने म्हणावे असे मलाही वाटत नाही. म्हणून मी असाध्य गोष्टी सांगत नाही, साध्य तेवढ्याच सांगते.

पहिली गोष्ट रात्रीची. दिवसभरात आजी मुलाजवळ तुकड्यातुकड्यांनी असते, रात्री मात्र सलग सात-आठ तास एकाच पांघरुणात, समोरासमोर श्वास घेत. त्यामुळे ताप आल्यापासून निदान पाच रात्री मुलाने आईजवळ किंवा वडिलांजवळ झोपावे. घर एका खोलीचे असेल, तर आजीची उशी उलट दिशेला, मुलाच्या पायांकडे असावी, आणि दोघांमध्ये घरातील धडधाकट माणसाने झोपावे. गोष्ट सांगायची असेल तर ती खुर्चीत बसून सांगता येते. चार-पाच हातांवरून ऐकलेल्या गोष्टीनेही मूल झोपी जाते.

दुसरी गोष्ट खिडकीची. पाऊस आत येणार नाही अशी एक खिडकी आणि तिच्या समोरचे दार दिवसातून अनेकदा उघडे ठेवावे. हवा खेळती राहिली की विषाणू विरळ होतो. 'मुलाला वारा लागेल' ही भीती मनातून काढून टाकावी.

तिसरी गोष्ट तोंडाची आणि हातांची. मुलाची सेवा करणाऱ्या वृद्धाने त्या वेळेपुरती मुखपट्टी बांधावी. मूल दोन वर्षांहून लहान असेल तर त्याला मुखपट्टी बांधू नये. नाक पुसल्यावर, उलटी काढल्यावर, औषध पाजल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. दाराची कडी, रिमोट, मोबाइल आणि नळाची तोटी रोज पुसून घ्यावी, कारण अशा गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू दिवसभर टिकू शकतो. आणि एक सवय मोडावी लागेल: मुलाच्या ताटात उरलेला वरणभात 'अन्न टाकू नये' म्हणून आजीने संपवायचा नाही. ते अन्न या आठवड्यात टाकले तर अन्नपूर्णा रागावणार नाही.

चौथी गोष्ट आईवडिलांसाठी. औषधाने ताप उतरवून मुलाला शाळेत पाठवणे, ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे. त्यामागची अडचण मला कळते, रजा शिल्लक नसते. परंतु औषधाचा असर दुपारपर्यंत टिकतो, नंतर तेच मूल वर्गात तापते आणि आणखी चारजणांच्या घरी विषाणू पोहोचतो. तापाचे औषध न देता चोवीस तास ताप आला नाही, तरच मूल शाळेत जावे.

लस कोणी घ्यावी, केव्हा घ्यावी

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, याचा अनेकांना कंटाळा येतो. कारण असे, की हा विषाणू आपले रूप सतत बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, त्या त्या काळी फिरणाऱ्या प्रकारांचा अभ्यास करून लशीत काय असावे हे सुचवते. शिवाय लशीने मिळालेले संरक्षण काही महिन्यांनी ओसरू लागते.

लस सहा महिने पूर्ण झालेल्या बाळापासून पुढे कोणालाही देता येते. नऊ वर्षांखालील मुलाला आयुष्यात पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, पुढील वर्षांत प्रत्येकी एक. मोठ्यांना एकच. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ही लस दरवर्षी देण्याची शिफारस करते. ज्यांनी ती टाळू नये अशांमध्ये पासष्टीच्या पुढचे सर्वजण, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड वा यकृताचा विकार असलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले आणि गरोदर स्त्रिया येतात. गरोदरपणी घेतलेल्या लशीचा लाभ पोटातल्या बाळाला जन्मानंतरही काही महिने होतो, आणि सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नसल्याने तो लाभ फार मोलाचा ठरतो. घरात असे तान्हे बाळ असेल तर त्याला उचलून घेणाऱ्या प्रत्येकाने लस घ्यावी. बाळासाठी तेच कुंपण.

महाराष्ट्रात ती पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये घेणे उत्तम, कारण संरक्षण निर्माण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. राहून गेली असेल तर आता घेतली तरी ती व्यर्थ नाही. हंगाम अजून बराच उरला आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर ही लस अभेद्य कवच नाही. लशीतील आणि हवेतील विषाणूंचा मेळ चांगला जुळला, तर डॉक्टरकडे जावे लागेल अशा फ्लूचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. वृद्धांमध्ये हे प्रमाण काहीसे उणे असते. 'लस घेऊनही मला ताप आला' असे सांगत येणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. पण लस घेतलेल्याला फ्लू झाला तरी न्यूमोनिया, रुग्णालय आणि अतिदक्षता विभाग यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता घटते. तापाचे चार दिवस टळले नाहीत तरी चालेल, फाटकापर्यंतचे चालणे हरवू नये, यासाठी मी ती देते.

टोचून घ्यायच्या नेहमीच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीमुळे फ्लू होत नाही. दंड दुखणे आणि दिवसभर अंग कसकसणे हे होऊ शकते. पूर्वी एखाद्या लशीची तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा गुलियन-बारे हा मज्जातंतूंचा आजार होऊन गेला असेल, तर तसे आधी सांगावे. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात नाही आणि खासगी दवाखान्यात ती स्वस्तही नाही. परंतु महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या जोखमीच्या गटांसाठी शासकीय केंद्रांत ती मोफत देण्यास आरंभ केला. जवळच्या शासकीय अथवा महापालिका रुग्णालयात साठा आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. ज्येष्ठांनी त्याच भेटीत न्यूमोकॉकल लशीविषयीही विचारावे, कारण फ्लूच्या पाठोपाठ येणारा न्यूमोनिया पुष्कळदा त्या जंतूचा असतो.

मूल घरी असताना

बहुतेक मुले पाच-सात दिवसांत आपोआप बरी होतात. ताप उतरवण्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत.

येथे एक धोक्याची सूचना आजी-आजोबांसाठी मुद्दाम देते. पॅरासिटामॉलचे थेंब, साधे सिरप आणि जादा ताकदीचे सिरप ही तीन निराळी औषधे समजावीत. थेंबांच्या बाटलीत सामान्यतः एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये पाच मिलिलीटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम असते. दहा किलोच्या बाळाला थेंब एक ते दीड मिलिलीटर पुरतात, तर १२५ चे सिरप चार ते सहा मिलिलीटर लागते. चष्मा न लावता थेंबांची बाटली चमचाभर पाजली गेली, तर बाळाच्या पोटात तिप्पट-चौपट औषध जाते. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलिलीटरमध्ये लिहून घ्यावी, बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिकटवावी, आणि प्रत्येक वेळी दिलेली वेळ कॅलेंडरवर नोंदवावी. आईने सकाळी दिले आणि आजीने ते न कळून पुन्हा दिले, हा प्रकार त्याने टळतो.

तापाच्या मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नये. फ्लूमध्ये त्याने मेंदू व यकृत यांना गंभीर इजा होऊ शकते. पावसाळ्यात डेंग्यूही असतो, आणि आरंभी फ्लू व डेंग्यू ओळखणे अवघड जाते, म्हणून आयब्युप्रोफेनसारखी औषधेही मनाने देऊ नयेत. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून निषिद्ध आहे. जुनी बाटली कपाटात असेल तर ती टाकून द्यावी.

घरगुती उपायांपैकी हळदीचे दूध, गरम पेज, वरणाचे पाणी, तुळस-आल्याचा सौम्य काढा यांना माझी हरकत नाही. वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये. ओवा-शेपूची धुरी बाळाला देऊ नये, आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना धूर सोसत नाही. कापराची पुडी उशाशी ठेवू नये, मुलाने ती तोंडात घातली तर झटके येतात. उकळत्या पाण्याचे भांडे मांडीवर घेऊन दिलेल्या वाफेने भाजलेली मुले मी पाहिली आहेत. अशी वाफ देऊच नये. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब पुरतात.

तापात काही लहान मुलांना झटका येतो. दृश्य भयंकर असते, परंतु बहुधा तो काही मिनिटांत थांबतो. मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, वेळ पाहावी. तोंडात चमचा, पाणी वा बोट घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. थांबल्यावर डॉक्टरकडे न्यावे आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालयात.

वृद्धांचा फ्लू निराळा दिसतो

वर सांगितलेल्या आजोबांना ताप नव्हता, हे आपल्या लक्षात आले असेल. सत्तरीनंतर शरीर तापाची वर्दी देईलच असे नाही. अशा वेळी फ्लूची लक्षणे अशी असतात: अचानक आलेली गळाठा, जेवणावरची वासना उडणे, बोलण्यात गोंधळ, तोल जाणे, न वाढणारी रक्तातील साखर एकाएकी वाढणे, जुना दमा उफाळणे. घरचे म्हणतात, 'वयच झाले आता.' पण परवापर्यंत वर्तमानपत्र वाचणारा माणूस आज वार विसरत असेल, तर ते वय नव्हे. वय दोन दिवसांत वाढत नाही.

फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या, ज्येष्ठांना हृदयासाठी दिलेले अल्प मात्रेचे ॲस्पिरिन ही औषधे मनाने बंद करू नयेत. मात्र जेवण थांबले असेल किंवा जुलाब होत असतील, तर मधुमेहाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे काय करावे, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावे. घरात ऑक्सिमीटर असेल तर निरोगी असतानाच एकदा मोजून आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवावा. जुन्या दमेकऱ्याचा तो मुळातच कमी असू शकतो. इतरांच्या बाबतीत आकडा ९४ च्या खाली गेला, तर वाट पाहू नये.

फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे. ते लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. निरोगी माणसाच्या सौम्य फ्लूला त्याची गरज नसते. परंतु जोखमीच्या माणसाला तपासणीच्या निकालाची वाट न पाहताही ते द्यावे लागते. म्हणून ज्येष्ठांसाठी 'दोन दिवस पाहू' हे वाक्य महागात पडू शकते. याउलट प्रतिजैविके विषाणूवर काम करीत नाहीत. मार्च २०२३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशननेही खोकला-तापासाठी त्यांचा सर्रास वापर करू नये असे आम्हा डॉक्टरांना बजावले होते. औषधाच्या दुकानातून स्वतःच तीन गोळ्यांचे पाकीट आणू नये, आणि डॉक्टरने ते लिहिले नाही म्हणून नाराजही होऊ नये.

कोणत्या वेळी थांबू नये

पुढीलपैकी काहीही दिसले, तर रात्र असो वा सणाचा दिवस, रुग्णालय गाठावे.

मुलांमध्ये: श्वास वेगाने चालणे, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणे, ओठ वा नखे निळसर होणे, पाणीही न पिणे, सहा-आठ तास लघवी न होणे, ग्लानी येणे, किंवा ताप उतरून पुन्हा जोराने परतणे.

श्वास मोजणे आजीलाही जमते. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळात ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर तो वेग धोक्याचा. तीन महिन्यांखालील बाळाला नुसता ताप आला, तरी त्याच दिवशी दाखवावे.

मोठ्यांमध्ये: बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे वा दाब वाटणे, थुंकीतून रक्त, गोंधळ, उठताना अंधारी, लघवी कमी होणे, आणि तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप.

या पंधरवड्याचे काम

प्रत्येक लेखाच्या शेवटी मी एक लहानसे काम देते. आजचे काम कागद-पेन्सिलीचे आहे. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, वजन, जुने आजार, चालू औषधे आणि फ्लूची लस कोणत्या महिन्यात घेतली ते एका कागदावर लिहावे आणि तो कागद फ्रीजवर किंवा देवघराशेजारच्या भिंतीवर लावावा. कोणालाही ताप आला की डॉक्टरांकडे जाताना त्याचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपणच सांगावे: "आमच्या घरी सत्तरीची आई आहे, तिला दमा आहे," किंवा "सून सातव्या महिन्यात आहे." गर्दीच्या संध्याकाळी डॉक्टरलाही आठवण करून द्यावी लागते. मला लागली होती.

ते आजोबा त्यानंतर काही वर्षे दर ज्येष्ठात लस घ्यायला येत. बरोबर तो मुलगा असे. पहिल्या वर्षी तोच बाही वर सारून आधी बसला आणि आजोबांना म्हणाला, "बघा, दुखत नाही." दुखले होते, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आजोबांनी ते पाहिले आणि काही न बोलता आपला दंड पुढे केला.